कालचा भात

आईने संध्याकाळचं जेवण बंद केलं ते तीन वर्षांपूर्वीच्या आषाढ पौर्णिमेला. आश्विन पौर्णिमेला वर्षावास संपला. त्यानंतर तिने संध्याकाळचं जेवण पुन्हा सुरू केलं नाही.

पहिल्या गोष्टीचं कारण सगळ्यांना माहीत होतं. दुसरीचंही कारण तेच असणार, असं घरात धरलं गेलं.

आमचं घर सक्करदरा तलावाच्या मागच्या बाजूला आहे. आजोबांच्या पिढीने दीक्षा घेतली, त्यानंतर काही वर्षांनी वस्तीत विहार उभा राहिला, आणि आईचं लग्नानंतरचं सगळं आयुष्य त्या विहाराच्या दोन गल्ल्यांत गेलं. पावसाळ्याच्या तीन महिन्यांत, म्हणजे वर्षावासात, तिथे रोज संध्याकाळी ग्रंथवाचन असतं. पौर्णिमेला बऱ्याच बायका पांढरी साडी नेसून अष्टशील घेतात. त्यातलं सहावं शील दुपारी बारानंतर अन्न न घेण्याचं आहे. पाणी चालतं. बहुतेक जणी ते एका दिवसापुरतं पाळतात. आईने त्या वर्षी ते संपूर्ण वर्षावासासाठी घेतलं.

याचं कौतुक झालं. ती निवृत्त शिक्षिका, वाचनाला तिचा आवाज लागायचा, आणि आता हे. समारोपाच्या दिवशी विहारात तिला पुढे बोलावून फूल दिलं गेलं. घरी वहिनीने स्वयंपाकाची वेळ बदलली. सकाळी डब्यांबरोबरच आईचं वरण-भात, पोळी, भाजी करून झाकून ठेवायची आणि शिवणाच्या युनिटला कामावर जायची. भाऊ शहराबाहेर वाडीला एका ट्रान्सपोर्टच्या गोदामात आहे, तो सकाळीच निघतो. मी वर्तमानपत्राच्या डेस्कवर. अकरापूर्वीच निघतो, परततो तेव्हा घर झोपलेलं असतं. त्यामुळे आई जेवायची त्या वेळी घरात ती एकटी असायची, आणि आम्ही बाकीचे जेवायचो तेव्हा ती जेवत नसायची. मी या क्रमाकडे त्या वेळी क्रम म्हणून पाहिलेलं नव्हतं.

आश्विन पौर्णिमेनंतरच्या रविवारी भावाने ताटावर बसताना विचारलं, "आई, वर्षावास संपला ना आता? ये, बस."

"तुमचा संपला. माझा चालू हाय."

"भिक्खुणी होऊन राहिली का तू?"

"झाली तं तुले काय तरास हाय गा?"

भाऊ हसला. वहिनी म्हणाली, "आई, लोक म्हणतील सुनेनं सासूले उपाशी ठेवलं."

"लोकायले मी सांगते," आई म्हणाली आणि टीव्हीसमोर जाऊन बसली.

पुढच्या काही महिन्यांत तिच्यात जे बदल झाले ते कुणापासून लपलेले नव्हते. ती वाळली. ब्लाउज सैल झाले, वहिनीने ते आत घेऊन शिवले. उपवासाने माणूस वाळतं, यात कुणाला नवल वाटलं नाही. तिला खोकला लागला, तोही आडवं झाल्यावरच. त्या हिवाळ्यात आमच्या रस्त्यावर सिमेंटीकरणाचं काम चालू होतं आणि धुळीने निम्मी वस्ती खोकत होती. तिने उशाला एक उशी आणखी घेतली. उशीच्या अभ्र्यावर सकाळी डाग असायचे. वयानुसार तोंडातून लाळ येते, असं वहिनीला वाटलं. छातीत जळजळ होते म्हणून चौकातल्या डॉक्टरने ॲसिडिटीची गोळी आणि पांढरं औषध दिलं. थोडा आराम पडतो, असं ती सांगायची.

डेस्कवर कधी कधी असं होतं की एकाच घटनेचे तुकडे वेगवेगळ्या वार्ताहरांकडून येतात आणि वेगवेगळ्या पानांवर लागतात. प्रत्येक तुकडा आपल्या जागी बरोबर असतो. घरात तसंच झालं. प्रत्येक बदलाला एक कारण मिळालं होतं, आणि एकही कारण खोटं वाटावं असं नव्हतं.

तुकडे जोडले गेले ते आईच्या मैत्रिणीमुळे. या मावशी आमच्या शेजारच्या गल्लीत राहतात, विहारात आईच्या बाजूला बसतात, आणि आईला घाबरत नाहीत. माघ पौर्णिमेला विहारात दुपारचं भोजनदान होतं. दुसऱ्या दिवशी मी कामाला निघत असताना मावशी आल्या. आई तेव्हा अंगणात वाळवणाशी होती.

"तुझी माय जेवताना उभी काहून होते रे?" त्यांनी विचारलं.

मी म्हणालो, मला माहीत नाही.

"दोन घास खाते, उभी होते. वरतं हात करते, आळस दिल्यावानी. मंग तांब्याभर पानी पेते आन बसते. काल सगळ्या बाया पाहून राहिल्या होत्या. मी म्हनलं, कावं, भाषन देऊन राहिली का? तं म्हनते कंबर दुखते. कंबर दुखते तं वरतं हात कायले करतं?"

वहिनी त्या दिवशी घरीच होती. ती स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि म्हणाली, "मोरीच्या जाळीत भात असते. रोज. मी समजत होती, खरकटं टाकते."

मी त्या दिवशी कामाला गेलो नाही. आईला विचारलं. ती म्हणाली, "मले काही नाही झालं." डॉक्टरकडे चल म्हटलं. ती म्हणाली, "शील मोडायले लावतीन ते. नाही येत." भावाने संध्याकाळी येऊन आवाज चढवला, त्याचा उपयोग झाला नाही. मी समजुतीने बोलून पाहिलं, तेही चाललं नाही.

वहिनीने वेगळा मार्ग काढला. त्या संध्याकाळी तिने सगळ्यांना वाढलं आणि स्वतःचं ताट घेतलं नाही.

"तू बस," भाऊ म्हणाला.

"मी पण घेतलं सहावं शील."

"तुले दिवसभर मशीनवर बसाचं रायते. चक्कर येईन," आई म्हणाली.

"येऊ द्या. तुमाले नाही येत, मले कशी येईन?"

दुसऱ्या दिवशीही वहिनी जेवली नाही, तिसऱ्याही. आईला तिच्याशी वाद घालता येईना, कारण जे ती स्वतः पाळत होती तेच सून पाळत होती. आठवडा संपायच्या आत ती म्हणाली, "चला कुठं नेता तं. पन हिले जेवाले सांगा."

पोटविकारांचे डॉक्टर चाळिशीतले होते आणि त्यांची प्रश्न विचारायची पद्धत मला ओळखीची वाटली. ते मत विचारत नव्हते, घडलेलं विचारत होते. शी काळी, डांबरासारखी होते का? नाही. उलटी होते का? उलटी नाही, आपोआप वर येतं. येतं ते आंबट असतं का? आई म्हणाली, "नाही. जसं खाल्लं तसंच रायते." डॉक्टरांनी मान वर केली. न पचलेलं अन्न आंबट न होता परत येतं, म्हणजे बहुधा ते जठरापर्यंत पोचलेलंच नसतं, असं त्यांनी नंतर आम्हाला समजावलं. भूक मेली आहे का? "भूक लागते," आई म्हणाली.

"संध्याकाळी पण लागते?"

"हाव."

"आणि तरी जेवत नाही?"

"शील हाय."

भूक लागते, हे आम्ही तिघांनीही तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. तिने भूक जिंकली आहे, असा सगळ्या वस्तीचा समज होता.

मग त्यांनी विचारलं, "गिळताना आधी काय अडायला लागलं, पोळी की पाणी?"

"काहीच नाही अडत. जळजळ होते फक्त."

डॉक्टरांनी आमच्याकडे पाहिलं. या प्रश्नाचं उत्तर घरातल्या माणसांनी द्यायचं असतं. आमच्यापैकी कुणीही कित्येक महिन्यांत तिला पूर्ण जेवताना पाहिलं नव्हतं. डॉक्टरांनी दुर्बिणीची तपासणी लिहून दिली आणि तिला वेगळं बसवून आम्हाला सांगितलं की या वयात, एवढं वजन उतरलेलं असताना, अन्ननलिकेचा कॅन्सर नाही हे आधी पाहावं लागेल. पोट रिकामं हवं, आदल्या संध्याकाळपासून काही खायचं नाही.

बाहेर आल्यावर वहिनीने तिला खाण्याचं तेवढं सांगितलं. आई म्हणाली, "त्यात काय, मी तसंही खात नाही."

तपासणी दुसऱ्या दिवशी सकाळी होती. आत नेल्यावर लवकरच डॉक्टर बाहेर आले. ते चिडलेले होते.

"कुणी खायला दिलं यांना?"

कुणीच नाही, असं वहिनी म्हणाली.

"अन्ननलिका भाताने भरलेली आहे. दुर्बीण पुढे नेता येत नाही. भात श्वासनलिकेत गेला असता तर? सांगितलं होतं ना काही खायचं नाही म्हणून?"

"डॉक्टर, त्यायनं काल दुपारी बाराच्या आत खाल्लं. नंतर काही नाही. त्या खोटं बोलत नाहीत, अष्टशील पाळतात."

डॉक्टरांनी हे पुन्हा विचारून घेतलं. दुपारी काय खाल्लं? वरण-भात. संध्याकाळी? पाणी. सकाळी? काही नाही. मग त्यांचा आवाज बदलला. "मग हा भात कालचा आहे," ते म्हणाले.

आई खुर्चीवर बसून होती. घसा बधिर करायला मारलेल्या औषधाने तिची जीभ जड झाली होती. डॉक्टर तिच्यासमोर स्टूल ओढून बसले आणि आदल्या दिवशीचाच प्रश्न त्यांनी पुन्हा विचारला. या वेळी तिने उत्तर दिलं.

तिने जे सांगितलं ते असं. तिची मोठी बहीण उमरेडला होती. आमच्या लहानपणी ती अन्ननलिकेच्या कॅन्सरने गेली. शेवटचे काही महिने आईने तिची सेवा केली. बहिणीला आधी भाकर अडायला लागली. मग ती वरणात कुस्करून खाऊ लागली. मग तेही जाईना, तेव्हा पेज. शेवटी पाणी अडलं आणि डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं.

"पानी अडलं म्हनजे संपलं, हे मी डोयानं पाह्यलं," आई म्हणाली. "मले तं पहिल्याच दिवशी पानी अडलं. बुद्ध पौर्णिमेची खीर खाल्ली, पानी पेली, तं पानी नाकातून आलं. मी म्हनलं, आपलं तं शेवटूनच सुरू झालं. आता कोनाले सांगून काय फायदा. पोरं पैसा लावतीन, नळ्या टाकतीन. आषाढ आला, शील घेतलं. कोनी इचारलं नाही."

वहिनी भिंतीकडे तोंड करून उभी होती.

डॉक्टरांनी विचारलं, "म्हणजे पाणी आणि भात, दोन्ही एकाच वेळी अडायला लागलं?"

"हाव."

"कधी पाणी जातं आणि पोळी अडते, कधी पोळी जाते आणि पाणी अडतं, असं?"

"तसंच. नेम नाही त्याचा."

"आजी, तुमच्या बहिणीला जे होतं त्यात असं सहसा होत नाही," डॉक्टर म्हणाले. "गाठ वाढते तसा रस्ता अरुंद होत जातो. म्हणून आधी घट्ट अडतं, पाणी शेवटी. तुमचं पहिल्यापासून दोन्ही अडतं. याचा अर्थ कदाचित रस्ता अरुंद नाही, जठराकडचं खालचं दार उघडत नाही."

त्यांनी 'कदाचित' हा शब्द वापरला होता, आणि तो मी लक्षात ठेवला. घरी जाताना रिक्षात भाऊ फोनवर होता आणि कॅन्सर नाही, असं कुणाला तरी सांगत होता. असं डॉक्टर म्हणालेले नव्हते. मी त्याला तसं सांगितलं. तो म्हणाला, "तू आपली प्रेस कॉन्फरन्स बंद कर."

पुढच्या खेपेला तिला आधी काही दिवस फक्त पातळ पदार्थांवर ठेवलं आणि भूल देऊन अन्ननलिका धुऊन काढली. आत गाठ दिसली नाही. जठराच्या तोंडाशी दुर्बीण अडली आणि थोडा जोर दिल्यावर आत गेली. तिथल्या अस्तराचे बारीक तुकडे तपासणीला पाठवले आणि छाती-पोटाचा स्कॅन सांगितला, कारण त्या जागी लपलेली गाठही असंच सोंग घेऊ शकते. एक्स-रेत उमटणारं पांढरं द्रावण पाजून फोटो काढला. त्यात अन्ननलिका वर फुगलेली आणि खाली पक्ष्याच्या चोचीसारखी निमुळती झालेली दिसते. तो फोटो डॉक्टरांनी आईलाही दाखवला. तिने बराच वेळ पाहिला. "एवढ्यात अख्खं जेवन मावत असन," ती म्हणाली. "मावतं," डॉक्टर म्हणाले. आडवी झाली की तेच वर यायचं. खोकला त्याचा होता, अभ्र्यावरचे डागही त्याचेच. उभं राहून हात वर करणं आणि वरून पाणी पिणं हे या आजाराचे बरेच रोगी कुणी न शिकवता करतात, असंही त्यांनी सांगितलं. पाण्याच्या वजनाने दार थोडं ढकललं जातं.

तुकड्यांचा अहवाल यायचा होता, ते दिवस घरात शांत गेले. आईला अहवालापेक्षा वेगळीच काळजी होती. मावशी आल्या तेव्हा तिने ती बोलून दाखवली.

"सहावं पाळलं पन चौथं मोडलं मी. सगळ्यायले खोटं सांगतलं. कंबर दुखते म्हनलं. विहारात फूल घेतलं."

"खोटं कुठं बोलली? जेवत नव्हती ते खरंच होतं."

"काहून जेवत नव्हती, ते नाही सांगतलं ना."

"चौथं मोडलं तं परत घे वं," मावशी म्हणाल्या. "आपन रोज कायले घेतो मंग? एकदाच घेऊन जमलं असतं तं विहारातल्या भन्तेजीले कामच नसतं उरलं."

आई हसली, आणि हसताना तिला ठसका लागला. वहिनी पाणी घेऊन धावली.

शील खरं होतं की आडोसा होता, हे मी तिला नंतर एकदा विचारलं. सुरुवातीला आडोसा होता, असं तिने सांगितलं. मग श्रावणात कधीतरी, संध्याकाळी वाचन करताना, भूक लागलेली असायची आणि तरी मन निवांत असायचं. ते खोटं नव्हतं, असं ती म्हणाली. दोन्ही विधानं मी इथे तिने सांगितली तशी नोंदवतो आहे.

अहवालात कॅन्सर आढळला नाही. स्कॅनमध्येही गाठ नव्हती. नाकातून बारीक नळी घालून अन्ननलिकेचा दाब मोजला, तेव्हा निदान पक्कं झालं: गिळताना खालचा स्नायू सैल होतच नव्हता, आणि वरची नळी अन्न पुढे ढकलत नव्हती. हे का होतं ते नेमकं माहीत नाही. तिथल्या नसा हळूहळू निकामी होतात, एवढं कळलेलं आहे. त्या परत येत नाहीत. दार मात्र मोकळं करता येतं.

उन्हाळा सुरू होताना तिच्यावर उपचार झाला. तोंडावाटे दुर्बीण घालून तो आवळलेला स्नायू आतून कापतात. बाहेर जखम दिसत नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा ते पांढरं द्रावण पाजलं. पडद्यावर ते खाली उतरताना दिसलं, पूर्वी तिथे साचून राहायचं. काही दिवस पातळ, मग मऊ भात, मग वरणात भिजवलेली पोळी. दार कायमचं उघडं झाल्याने आता जठरातलं आम्ल वर येऊ शकतं, त्यासाठी रोजची गोळी सुरू झाली. जेवल्यावर लगेच आडवं व्हायचं नाही, पलंगाची उशाकडची बाजू उंच ठेवायची. ती भावाने विटा लावून उंच केली.

त्या वर्षीच्या बुद्ध पौर्णिमेला आई विहारात गेली आणि वंदनेआधी परवानगी मागून उभी राहिली. मागच्या वर्षावासात आपण संध्याकाळचं जेवत नव्हतो त्याला आजारपण हेही कारण होतं आणि ते आपण लपवलं, असं तिने सांगितलं. मी तिथे नव्हतो. हे मावशींनी सांगितलं आणि वहिनीने दुजोरा दिला. नंतर चहाच्या वेळी एका बाईने आईला बाजूला घेऊन विचारलं की तिच्या नवऱ्यालाही जेवताना ठसका लागतो, तर कोणत्या डॉक्टरकडे जायचं. आईने तिला पहिला प्रश्न विचारला तो पोळी आधी अडते की पाणी, हा.

वर्षभराने तपासणी झाली. वजन वाढलेलं होतं. अन्ननलिकेची रुंदी पहिल्यापेक्षा कमी झाली आहे, पण नेहमीसारखी झालेली नाही, असं अहवालात आहे. हा आजार जुना झाला की पुढे त्या जागी कॅन्सरची शक्यता थोडी वाढते, म्हणून काही वर्षांनी पुन्हा दुर्बिणीने पाहावं लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलं. या वेळी त्यांनी ते आम्हाला बाजूला न घेता आईसमोरच सांगितलं.

ती संध्याकाळी वहिनीबरोबर जेवते. पाणी अडत नाही. भात कधी कधी अजून अडतो, असं ती स्वतः सांगते.